खाणीत आधी गवत, मग झाड

एकदा आपल्या गावच्या माळावर चक्कर मारा. रस्त्याला मुरूम नेला, खडीला काळा दगड नेला, घरांच्या पायाला भर नेली. मागं काय राहिलं? उघडा खड्डा, तळाशी हिरवट पाणी आणि कडेला वेडी बाभूळ अन् घाणेरी. जनावर आत पडेल म्हणून गुराखी तिकडं फिरकत नाही.

अशाच एका सोडून दिलेल्या खाणीत 2018 च्या पावसाळ्यात आम्ही वृक्षलागवड केली. फूट-दीड फुटाचे खड्डे घेतले, गुलमोहर आणि सुबाभळीची रोपं लावली, फोटो काढले. मार्चमध्ये गेलो तर काड्या उभ्या होत्या. दोष पावसाचा नव्हता, आमचाच होता. मुरमाचा तळ ट्रक-डंपरनी दाबून फरशीसारखा झालेला. त्यात खड्डा म्हणजे नुसती कुंडी! पावसाळ्यात पाणी मुरत नाही, मुळं कुजतात. उन्हाळ्यात तीच कुंडी तापते. मूळ खाली जाणार कुठं?

म्हणून पहिलं काम झाडाचं नाही, तळाचं आहे. जेसीबीच्या दातांनी तळ खोलवर उकरून मोकळा करा. उभ्या कडा तोडून उतरत्या करा, म्हणजे माणूस-जनावर पडायची भीतीही जाते. उतारावर आडवे समतल चर घ्या. जवळच्या तलावातला गाळ मिळाला तर पसरा, नाहीतर निदान चरात तरी टाका. सगळ्यात खोल भाग मात्र बुजवू नका, तिथं पाणी साठू द्या. पाखरांना आणि जनावरांना उपयोगी पडेल.

दुसरं काम गवताचं. मारवेल, पवन्या, शेडा ही आपल्या माळाची गवतं. दिवाळीच्या आसपास शेजारच्या राखलेल्या कुरणातून त्यांचं बी झोडून ठेवा. मृगाच्या तोंडावर शेणखत-मातीत कालवून फेका. गवताची मुळं माती धरतात, पाला कुजतो, मग झाडाला बसायला जागा होते. पहिली दोन वर्षं नुसतं गवत दिसलं तरी "काम फसलं" म्हणू नका.

आता झाडं. बाभूळ, हिवर, खैर, करंज ही शेंगांची झाडं, मुळावरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीला देतात. बाभळीचं बी विकत घेऊ नका. शेळ्यांनी रात्री वाड्यात टाकलेलं बी गोळा करा, ते चांगलं उगवतं. दगडाच्या भेगांत धावडा, सालई, पळस, कडेनं बोर. सीताफळ मूळचं परदेशी आहे, पण मुरमात येतं आणि घराला चार पैसे देतं. बांधाला लावलंत तर माझी ना नाही. सुबाभूळ मात्र इथं नकोच. बी पडून सगळीकडं तीच होते.

खरी अडचण राखणीची. कुंपणाला पैसा नसतो आणि ज्यांच्या शेळ्या आहेत त्यांचं पोट त्या माळावरच असतं. नुसती चराईबंदीची दवंडी देऊन चालत नाही, रातोरात जनावरं घुसतात. त्यापेक्षा शेळीवाल्यांनाच राखण द्या. तीन वर्षं जनावर आत नको, पण विळ्यानं कापलेलं गवत पहिलं त्यांचं, असं ग्रामसभेत लिहून ठरवा.

हे होतं का? दिल्लीजवळ गुरुग्रामला अरवलीच्या डोंगरात जुन्या दगडखाणींची उजाड जागा होती. 2010 पासून तिथं सुमारे 390 एकरांवर अरवली जैवविविधता उद्यान उभं राहिलं. शिल्लक जंगलांतून बी आणून रोपवाटिका केली, वेडी बाभूळ टप्प्याटप्प्यानं मागं हटवली आणि धोक लावला. तो आपल्या धावड्याचाच भाऊबंद. तिथला पाऊस आपल्या अवर्षणी तालुक्यांसारखाच बेताचा.

कागदाचंही बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या निकालानंतर पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजाच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागू लागली. नवी खाण येत असेल तर त्या मंजुरीची आणि खाणकाम आराखड्याची प्रत ग्रामसभेत मागा. संपल्यावर जागा कशी दुरुस्त करायची ते त्यात बघा. 2015 च्या दुरुस्तीनं आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या निधीतही पर्यावरणाची कामं बसतात. तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी झालं, ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण अर्ज लिहावा लागतोच!

आणि नव्या खाणीत पहिली बादली मारायच्या आधी वरची वीतभर माती वेगळी काढून घ्या. पुरुषभर उंचीच्या आतच ढीग लावा आणि वर ताग फेका, म्हणजे ती वाहून जाणार नाही. हीच माती परत पसरली तर तिच्यातलं बी आपोआप उगवतं. ट्रॅक्टरवाल्याला ती विकू देऊ नका.

लिंबोळ्या जून-जुलैत पिकून पडतात. पोरांना वेचायला पाठवा, पण गोणीत भरून पुढच्या सालासाठी ठेवू नका. गर धुऊन पंधरा-वीस दिवसांत चराच्या भरावावर टोकून टाका. जुनं बी उगवत नाही.