दुकानाजवळचे जुने घर : दिग्रसमध्ये घेताना काय पाहाल?

दिग्रससारख्या गावात शिवणकाम, फर्निचर किंवा किराणा अशा धंद्यातल्या माणसाजवळ थोडी पुंजी जमली की पहिला प्रश्न घराचा पडतो. गावाबाहेर ले-आउटमध्ये प्लॉट घ्यावा की बाजारालगतच्या जुन्या वस्तीत घर? ले-आउटमध्ये जागा मोकळी असते, हे खरे. पण जुन्या गावात दुकान, शाळा, मशीद, दवाखाना सारे पायी गाठता येते. दुपारी जेवायला घरी जाता येते, उशिरा आलेल्या गिऱ्हाइकासाठी शटर पुन्हा उघडता येते. खालच्या खोलीत मशीन टाकली तर घरातल्या बायकांनाही कामाला हातभार लावता येतो. पेट्रोल वाचते ते वेगळेच.

मात्र घराच्या भिंती पाहण्याआधी नदी पाहा. दिग्रस धावंडा नदीकाठी वसलेले आहे. 2005 च्या पावसाळ्यात नांदगव्हाणचे धरण फुटले आणि या नदीचे पाणी वस्तीत शिरले. त्या वर्षी पाणी कुठवर चढले होते, हे शेजारच्या वयस्कर माणसांना विचारा. विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही! तळमजल्यावर कापडाचे गठ्ठे किंवा प्लायवूड ठेवणार असाल तर हा प्रश्न घराच्या किमतीइतकाच मोठा आहे.

आता कागदपत्रे. आपल्यातले अनेक जण व्याज नको म्हणून बँकेचे कर्ज घेत नाहीत, वर्षानुवर्षांची बचत एकदम मोजतात. त्यामुळे बँकेचा वकील जो शोध घेतो, तोही घेतला जात नाही. तेव्हा आपणच वकील गाठून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील मागील 30 वर्षांच्या नोंदी तपासून घ्याव्यात. नगर परिषदेच्या कराची पावती म्हणजे मालकी नव्हे. भूमि अभिलेख कार्यालयातून आखीव पत्रिका काढावी. जागा नझूलची, म्हणजे सरकारी पट्ट्याची असेल तर पट्ट्याची मुदत आणि विक्रीच्या अटी पाहाव्यात. वक्फची नाही ना, याचीही खात्री करावी.

खरी अडचण वारसांची. जुने घर बहुधा आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावरच राहिलेले असते, विकायला निघतात भाऊ. समजा, घराची किंमत 24 लाख आहे आणि वडिलांच्या मागे विधवा, दोन मुलगे व दोन मुली आहेत. कर्ज व वसीयत नसेल तर हनफी कायद्याने विधवेचा आठवा हिस्सा 3 लाख, प्रत्येक मुलाचे 7 लाख आणि प्रत्येक मुलीचे साडेतीन लाख. दोघा भावांच्या सह्या घेऊन आपण 24 लाख मोजले, तरी हक्क मिळतो 14 लाखांचाच. उरलेल्या 10 लाखांचे मालक आई आणि पुसद-कारंज्याला दिलेल्या बहिणी! "वालिदांनी मला तोंडी हिबा केला होता," असे एखादा भाऊ सांगेल. तोंडी हिबा कायद्याला मान्य आहे, पण देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे या तिन्ही गोष्टी झालेल्या असाव्या लागतात. सर्व वारसांच्या सह्या विक्रीपत्रावरच घ्याव्यात. बहिणींना त्यांची रक्कम भावांच्या हाती न देता थेट द्यावी. हक्क पोचतो आणि पुढची कोर्टकचेरीही टळते.

खालच्या खोलीत भाडेकरू असेल तर घर विकल्याने तो आपोआप निघत नाही. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा त्याला संरक्षण देतो. रिकामा ताबा ठरला असेल तर तो मिळाल्यावरच शेवटची रक्कम द्यावी.

स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले, चार साक्षीदार आले, एवढ्याने घर आपले होत नाही. विक्रीपत्राची नोंदणी हवीच. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30 हजार. राहते घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत 2021 पासून आहे. 24 लाखांवर 24 हजार होतात. तेवढ्यात छताची बरीचशी डागडुजी निघते. जुने सागवानी सरे आणि दारे असतील तर ती काढण्याआधी ओळखीच्या सुताराला दाखवावीत. भंगाराच्या भावात देऊ नयेत.