वरातीबाहेरची गिटार

(‘तार आणि शब्द’ : भाग ११)

मागच्या भागात आपण लीड गिटारपाशी थांबलो होतो. गाणं ऐन रंगात येतं, गायक दोन पावलं मागे सरतो आणि गिटारवाला पुढे येऊन मिनिटभरात सगळी दाद लुटून नेतो. आता प्रश्न असा, की इतकी दाद मिळत असताना एखादा गिटारवाला बँड सोडून, कोपऱ्यात एकटा बसून, स्वतःची गाणी लिहायला का लागतो?

आमच्या केडगावात हा प्रश्न समजून घ्यायला बेंजोवाल्याकडे जावं लागतं. चौफुल्यापासून पाटसपर्यंत कुठल्याही वरातीत बघा, आमचा लीड गिटारिस्ट तोच. टेम्पोवर भोंगे, मागे जनरेटर, आणि मध्ये मांडीवर ते बटणांचं लांबोडकं वाद्य घेतलेला माणूस. डाव्या हाताची बोटं टाइपरायटरवर चालावीत तशी बटणांवर पळतात, उजव्या हातातली पट्टी तारांवर. ‘झिंगाट’ वाजवताना तो शेवटच्या सुराला असा काही हिसका देतो, की नवरदेवाचा मामासुद्धा फेटा सोडून नाचतो.

गेल्या लग्नसराईत अशाच एका मास्तरांना चहाच्या टपरीवर विचारलं, “मास्तर, तीस वर्षं वाजवताय. स्वतःची एखादी चाल बांधलीत का?”

त्यांनी बशीतला चहा फुंकला. “बांधल्या की दोन-चार. पण गुरुजी, वरातीत आपली चाल लावली तर नाचणार कोण?”

या विषयावर मी बरंच वाचलंय, पण त्याचं मर्म एवढ्या थोडक्यात कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. दुसऱ्याचं गाणं वाजवणाऱ्यासमोर गर्दी आयती असते. स्वतःचं गाणं घेऊन निघालेल्याला पहिला माणूससुद्धा शोधावा लागतो.

जगातलं या वाटेचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे जॉर्ज हॅरिसन. बीटल्सचा लीड गिटारिस्ट. लेनन आणि मॅकार्टनी ही जोडी गाणी लिहिणार, याच्या वाट्याला बहुतेक तबकड्यांवर एखाद-दुसरं गाणं. 1966 च्या शरद ऋतूत तो मुंबईत ताजमध्ये उतरून रविशंकरांकडे सतार शिकला. 1968 च्या जानेवारीत पुन्हा आला आणि मुंबईच्याच एचएमव्ही स्टुडिओत त्याने इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं. मला मात्र त्याच वर्षातली पुढची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ हे त्याचं स्वतःचं गाणं. नावातच गिटार. आणि त्यातली मुख्य गिटार वाजवायला त्याने बाहेरून एरिक क्लॅप्टनला बोलावलं! दाद मिळवायची हक्काची जागा त्याने दुसऱ्याला देऊन टाकली. वादकाचा गीतकार झाला तो मला तिथे दिसतो. दोन वर्षांनी, बीटल्स फुटल्यावर, त्याने थेट तीन तबकड्यांचा संच काढला, इतकी गाणी साठली होती.

पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या चाली वाजवलेल्या हाताचा एक धोका असतो. हॅरिसनच्या ‘माय स्वीट लॉर्ड’ची चाल एका जुन्या अमेरिकन गाण्याची आहे म्हणून खटला झाला आणि 1976 मध्ये न्यायाधीशांनी ठरवलं, की त्याने ती नकळत उचलली. नकळत! आमच्या भजनी मंडळाच्या वह्यांत अभंगाच्या डोक्यावर ‘चाल : अमुक सिनेमातलं तमुक गाणं’ असं सरळ लिहिलेलं असतं. आम्ही उचलतो ते कळून-सवरून, म्हणून बिनघोर झोपतो.

आता आपल्याजवळचं उदाहरण. रेमो फर्नांडिस, जन्म 1953, गाव गोव्यातलं शिवोली. शाळकरी वयातच मित्रांचा बँड. पुढे मुंबईत सर जे. जे. मध्ये आर्किटेक्चर शिकताना ‘द सॅव्हेजेस’ या त्या काळच्या नावाजलेल्या रॉक बँडमध्ये गिटार आणि गळा. तेव्हाच्या मुंबईत रॉक बँडचं काम काय? परदेशातली गाणी हुबेहूब वाजवून दाखवणं. म्हणजे वरातच, फक्त इंग्रजी. पदवीनंतर, 1977 ते 1980 या काळात हा पठ्ठ्या गिटार पाठीवर टाकून युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकला, तिथल्या बँडबरोबर वाजवलं. आणि मग मुंबईला किंवा लंडनला न जाता शिवोलीला परतला.

त्याच्याकडे आता स्वतःची गाणी होती, इंग्रजीतली पण गोव्याबद्दलची. कॅसेट कंपन्यांना ती नको होती. भारतात इंग्रजी ऐकणारा माणूस परदेशी तबकडी घेईल, शिवोलीकराची कशाला घेईल, असा त्यांचा हिशेब.

म्हणून रेमोने घरीच ध्वनिमुद्रण केलं, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर. हे यंत्र नीट समजून घेऊ, कारण एकट्या माणसाला गाणी करणं जमलं ते बरंचसं याच्यामुळे. आपल्या साध्या कॅसेटच्या फितीवर आवाजाच्या चार पट्ट्या असतात : दोन ‘अ’ बाजूच्या, दोन उलटी केल्यावर ‘ब’ बाजूच्या. 1979 मध्ये टीअ‍ॅक कंपनीने असं यंत्र काढलं, की चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरता येतील. पहिल्या पट्टीवर ताल भरा. तो ऐकत दुसरीवर गिटार, तिसरीवर बास. मग या तिन्ही एकत्र करून चौथीवर उतरवा. पहिल्या तीन पुन्हा रिकाम्या! त्यावर गळा, कोरस, बासरी. मात्र प्रत्येक उतरवणीला फितीची खरखर वाढत जाते, आणि एकदा मिसळलेलं वेगळं काढता येत नाही. पिठल्यातलं बेसन जसं.

1984 मध्ये ‘गोअन क्रेझी’ निघाली. शब्द, चाली, वाद्यं, आवाज, वेष्टनावरची कलाकारी, सगळं एकट्याचं. आणि विक्री? स्कूटरवर कॅसेटी लादून तो स्वतः गोव्यातल्या दुकानादुकानांतून पोचवत असे. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे यात्रेत प्रल्हाद शिंद्यांच्या कॅसेटी जशा खपत, त्यांच्या शेजारी ही मांडून पाहा. बाजारपेठ निराळी, पण फितीमुळे झालेली क्रांती तीच. तबकडी छापायला कारखाना लागतो, कॅसेट भरायला घर पुरतं.

ही गाणी ऐकताना लीड गिटार शोधू नका. आहे, पण ती बैठकीतल्या पेटीसारखी मागे बसून राहते. शब्द संपले की दोन सूर पुरवते आणि पुन्हा गप्प. चौफुल्याच्या कलाकेंद्रात संगीत बारी नीट ऐकणाऱ्याला हे सांगायला नको : लावणीच्या ओळीवर पेटीवाल्याने हात मोकळा सोडला तर ओळ मेली. ज्याची बोटं वर्षानुवर्षं पळायला शिकलेली आहेत, त्याला ती आवरायला दुप्पट रियाज लागत असणार.

बोटं आवरायची तर सांगण्यासारखं काही हवं. रेमोकडे ते होतं. 1986 ची ‘पॅक दॅट स्मॅक’ अमली पदार्थांवर, पुढच्या वर्षीची ‘बॉम्बे सिटी’ मुंबईवर. त्याच सुमारास पंतप्रधान राजीव गांधींसमोर त्याने गोव्याची गाऱ्हाणी थेट गाण्यातून मांडली आणि मोठा गहजब झाला. आपण याला शाहिरी म्हणतो. हातात डफ नव्हता, एवढंच.

सिनेमाने मग त्याला उचललं. ‘जलवा’ 1987 चा. त्यातलं त्याचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं आमच्या शिवेवरच्या गुऱ्हाळात, काकवीच्या बोटांनी चिकट झालेल्या टेपवर, चुलाण्याच्या धगीत. पुढे ‘बॉम्बे’तलं ‘हम्मा हम्मा’. लोकांना रेमो ठाऊक आहे तो यामुळे, आणि 2007 च्या पद्मश्रीमुळे. माझ्या मते त्याची खरी कमाई आधीच्या त्या खरखरीच्या कॅसेटींत आहे. सिनेमात तो पुन्हा दुसऱ्याच्या वरातीत गेला. वरात मोठी होती, पैसा चांगला होता, माझी तक्रार नाही.

हा भाग लिहायला घेतल्यावर मी त्याच टपरीवर मास्तरांना मोबाइलवर ‘गोअन क्रेझी’तलं गाणं ऐकवलं. एक अक्षर कळलं नाही, पण मान डोलली.

“बासरी कुणाची?”

“त्याचीच.”

“आन् गिटार?”

“तीही त्याचीच. मागचे आवाजसुद्धा.”

मास्तर जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे सुपारी आल्यावर कुणाला वाटून द्यायची भानगडच नाही. हुशार हाय गडी.” आणि चहावाल्याला म्हणाले, “तो टेप जरा बंद कर रं,” नि गाणं परत सुरुवातीपासून लावायला सांगितलं.