चार फुटांतून दोन फुटांत

घर लहान करण्याची वेळ बहुतेकांवर आयुष्यात एकदा तरी येते. पूर्वी ती भावाभावांच्या वाटण्या झाल्या की यायची, हल्ली इमारत पुनर्विकासाला गेली की येते. मुंबई-ठाण्याच्या बाजूला दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या लहानशा जागेत निघालेली कुटुंबं गल्लोगल्ली दिसतात. कपाटाचं काय, देवघराचं काय, गॅलरीतल्या तुळशीचं काय, याचा खल महिनाभर आधी सुरू होतो. दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीतल्या माशांचा प्रश्न मात्र टेम्पो दाराशी लागल्यावर निघतो. ‘त्यांना काय, पाण्यातच तर राहायचंय!’ असं कुणीतरी म्हणतं, चार मासे बादलीत, चार पिशवीत असा प्रवास होतो आणि आठवड्याभरात टाकी रिकामी होऊन तिच्यात जुनी वर्तमानपत्रं जाऊन बसतात.

आमच्यावर ही वेळ आली तेव्हा दोन खोल्या कमी झाल्या आणि भिंतीही आखूड झाल्या. घरात गेली बावीस वर्षं चार फुटी टाकी होती. नव्या जागेत दार, खिडकी आणि फ्रिज यांच्यामधून जी भिंत उरत होती, ती जेमतेम अडीच फुटांची. म्हणजे दोन फुटी टाकी. ‘निम्मी झाली, एवढंच ना?’ असं सौभाग्यवती म्हणाल्या. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला निम्मं म्हटलं की आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही.

चार फुटी टाकी म्हणजे १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. गुणाकार करून हजाराने भागलं की २४३ लिटर. दोन फुटी टाकी ६० बाय ३० बाय ३०, म्हणजे ५४ लिटर. लांबी निम्मी झाली, पण पाणी साडेचार पटींनी घटलं. पाण्याचा वरचा पृष्ठभाग, जिथून हवेतला प्राणवायू पाण्यात उतरतो, तो तिसऱ्या हिश्शावर आला. वाळू, दगड घातल्यावर उरणारं पाणी आणखी कमी.

पाणी ही माशांची नुसती जागा नव्हे, ते त्यांचं भांडवल आहे. मोठ्या बँकेचं एखादं कर्ज बुडालं तर ताळेबंदावर ओरखडा उठतो. तेच कर्ज लहान पतपेढीचं बुडालं तर दाराशी ठेवीदारांची रांग लागते. टाकीचंही असंच आहे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकत असतात, उरलेलं अन्न कुजूनही तो तयार होतो. मोठ्या पाण्यात तो पातळ होतो, लहान पाण्यात तोच विषाच्या पातळीला जातो. उन्हाळ्यात लहान टाकी दुपारी लवकर तापते, डिसेंबरात पहाटे लवकर गार पडते. मोठ्या पाण्यात पचून जाणारा हलगर्जीपणा लहान पाण्यात पचत नाही.

इथे एक समजूत आडवी येते. ‘मासा टाकीएवढाच वाढतो.’ हे अर्धं खरं असल्यामुळे अधिक घातक आहे. लहान टाकीत मासा वाढत नाही हे पुष्कळदा दिसतं, पण तो शहाणपणाने जागेचा अंदाज घेऊन थांबलेला नसतो. साचलेल्या घाणीमुळे आणि कोंडमाऱ्यामुळे त्याची वाढ खुंटलेली असते आणि आयुष्यही. गोल वाडग्यातला गोल्डफिश वर्ष-दोन वर्षांत जातो आणि आपण म्हणतो, त्याचं आयुष्यच तेवढं. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ साली गेला, तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता.

तेव्हा माशांना लहान टाकीची सवय लावायची, यातली पहिली पायरी म्हणजे ज्यांना ती सवय लागणारच नाही त्यांना वेगळं काढणं. आमच्या टाकीत दहा नियॉन टेट्रा होते, सहा मिस केरळ, मोती गुरामीची एक जोडी आणि एक सकर. घरात पहिली सूचना आली, ती वाटणीतल्या भांड्यांसारखी: ‘प्रत्येकातले थोडे थोडे ठेवू.’ ऐकायला न्याय्य, माशांच्या दृष्टीने सर्वांत वाईट. नियॉन हा थव्याने राहणारा मासा. त्याचे दोनच ठेवले तर ते भेदरून झाडाआड बसतात. ठेवायचे तर सगळे, नाहीतर एकही नाही.

मिस केरळचा तर प्रश्नच नव्हता. केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या वाहत्या ओढ्यांतला हा मासा. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या जातकुळीला ‘सह्याद्रिया’ असं नाव दिलं. लालकाळ्या पट्ट्यांचा हा देखणा मासा दिवसभर टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. दोन फुटांत तो धावणार कुठे? सकर आणताना बोटाएवढा असतो आणि फूटभर होतो. तो नकोसा झाला की लोक तलावात, नदीत सोडतात आणि पुण्य केल्याच्या समाधानाने घरी येतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. काटेरी अंगाने जाळी फाडतो आणि त्याला गिऱ्हाईक नसतं. टाकीतला मासा बाहेरच्या पाण्यात सोडू नये, विहिरीतसुद्धा नाही. आमचा सकर कुर्ल्याच्या एका दुकानदाराने सहा फुटी टाकी असलेल्या गिऱ्हाइकाकडे पोचवला.

राहिली गुरामीची जोडी. ती खरी अडचण होती. संध्याकाळी सौभाग्यवती टाकीसमोर स्टूल घेऊन बसल्या की दोघंही काचेशी येत आणि हातातला दाणा घेत. ‘अहो, दोघंच तर आहेत, कोपऱ्यात राहतील,’ त्या म्हणाल्या. मोती गुरामी चार-पाच इंचांचा होतो, नराला स्वतःचा कोपरा लागतो आणि दोन फुटांत त्याला सगळीच टाकी आपला कोपरा वाटते. मी हे सांगितलं, त्यांनी ऐकलं आणि दोन दिवस त्या विषयावर बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘आपल्या दाताच्या डॉक्टरांना विचारा, त्यांच्या बाहेरच्या खोलीत जागा आहे.’ डॉक्टरांनी मोठी टाकीच ठेवून घेतली, गुरामी आणि मिस केरळ यांच्यासकट. ‘तिथे ओळखतील का हो ते मला?’ या प्रश्नावर मी एवढंच सांगू शकलो की, आर्चर फिश नावाचा मासा माणसांचे चेहरे वेगवेगळे ओळखतो, असं २०१६ साली प्रयोगात दिसलं आहे. गुरामी अगदीच मागे नसावा.

आता दहा नियॉनचं स्थलांतर. यातली मुख्य युक्ती अशी की टाकी आणि घर एकाच दिवशी बदलू नये. मासे आधी लहान टाकीत जुन्या घरातच जावेत, तिथे रुळावेत आणि मग टाकीसह घर बदलावं.

अमोनियाचा बंदोबस्त सूक्ष्म जिवाणू करतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्या विषारी नायट्राइटचं बरंच सौम्य नायट्रेट करते. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते फिल्टरच्या स्पंजावर, वाळूवर, काचेवर वस्ती करून असतात. म्हणून नवा लहान फिल्टर महिनाभर आधीच जुन्या टाकीत चालू करून ठेवला. नवी टाकी रात्रभर भरून गळती तपासली. मग तिच्यात जुन्या टाकीतलं पाणी, थोडी वाळू, ओळखीचं लाकूड आणि झाडं घातली आणि महिनाभर मुरलेला फिल्टर लावला. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने वस्ती मरते. धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा. माशांना आदल्या दिवशी उपास घडवला, म्हणजे अमोनिया कमी. हलवल्यावर दिवसभर दिवा बंद.

पुढचे तीन आठवडे निरीक्षणाचे. पर मिटून राहणं, रंग उडणं, पृष्ठभागाशी येऊन धापा टाकणं ही ताणाची लक्षणं. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आले तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, ताणानंतर तो हमखास डोकं वर काढतो. दुकानात थेंबांची तपासणी-पेटी मिळते. तिच्यात अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले पाहिजेत. दर चौथ्या दिवशी मी दहा लिटर पाणी बदलत असे, क्लोरीन मारणारे थेंब घालून आणि तापमान जुळवून. एकदम निम्मं पाणी बदलू नये, कारण जुनं पाणी बहुधा आम्लाकडे झुकलेलं असतं आणि मासे त्याला सरावलेले असतात. दाणा एक चिमूट, दोन मिनिटांत संपेल एवढाच.

प्रत्यक्ष घर बदललं, त्या दिवशी टाकीचं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरलं, मासे झाकलेल्या बादलीत ठेवून सेलवरचा हवेचा पंप लावला आणि स्पंज त्याच पाण्यात ओला ठेवला. टाकी रिकामी करूनच उचलावी. भरलेली उचलली की काचेचे सांधे सुटतात. मुलुंडहून ठाण्याला पोचायला दीड तास लागला. फ्रिज लावायच्या आधी फिल्टर सुरू झाला, याबद्दल घरात थोडी कुरबूर झाली.

दहाच्या दहा नियॉन आहेत. पहिले दोन दिवस ते लाकडाखाली गोळा होऊन होते, पाचव्या दिवशी निळी रेघ पुन्हा चमकायला लागली. लहान टाकीत काम मात्र वाढलं आहे. पूर्वी आठवड्यातून एकदा बघायचं ते आता रोज बघावं लागतं. सौभाग्यवती महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे जाऊन येतात. परवा मी विचारलं, ‘दात दुखतोय का?’ त्या म्हणाल्या, ‘दात ठीक आहेत. गुरामीने बुडबुड्यांचं घरटं केलंय.’ चार फूट पाणी असल्याशिवाय त्याने ते केलं असतं की नाही, हा प्रश्न त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.