पेशींचे टपाल आणि मेंदूचे दार

बंगळूर येथील ‘निम्हान्स’ या संस्थेत १९९५ सालापासून मानवी मेंदूंचे एक भांडार आहे. मृत्यूनंतर नातलगांच्या संमतीने मिळालेले मेंदू तेथे अभ्यासासाठी जतन करण्यात येतात. रोगाने काय उद्ध्वस्त केले हे त्यांवरून कळते. परंतु जिवंत रोग्याच्या मेंदूपर्यंत औषध न्यावयाचे कसे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी एकमेकींस इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की, बहुतेक औषधांचे रेणू रक्तातून पलीकडे जाऊच शकत नाहीत. विषास अडविणारा हा पहारेकरी वैद्यासही दारातच थांबवितो.

या दारातून जाऊ शकेल असा दूत म्हणून ‘एक्झोसोम’कडे पाहिले जाते. पेशीने बाहेर सोडलेली, मेदाच्या पातळ पटलाने वेढलेली पुटिका म्हणजे एक्झोसोम होय. तिचा व्यास ३० ते १५० नॅनोमीटर असतो. एका मिलिमीटरच्या लांबीत अशा सुमारे १०,००० पुटिका ओळीने मावतील. १९८३ साली कॅनडातील रोझ जॉनस्टोन व त्यांचे सहकारी यांना मेंढीच्या अपक्व तांबड्या रक्तपेशी अशा पुटिका बाहेर टाकताना आढळल्या. नको असलेली प्रथिने फेकून देण्याची ही रीत असावी, असा तेव्हा समज झाला. २००७ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले की, या ‘केरा’तून एका पेशीचे आर. एन. ए. दुसरीस पोचते व तेथे कामही करते. केर म्हणून हिणविलेली वस्तू टपाल निघाली.

२०११ साली ऑक्सफर्ड येथे या टपालावर पत्ता लिहिण्यात आला आणि तो पुरविला रेबीजच्या विषाणूने! कुत्र्याच्या चाव्यातून शिरलेला हा विषाणू चेतातंतूंच्या मार्गाने मेंदू गाठतो. (त्यावर संशोधन करणारे, जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न केंद्र निम्हान्समध्येच आहे.) विषाणूच्या बाह्य प्रथिनाचा एक निरुपद्रवी तुकडा एक्झोसोमांवर बसवून व आत आर. एन. ए. भरून ते उंदरांच्या शिरेत टोचण्यात आले. अल्झायमर रोगाशी संबंधित असलेल्या एका एन्झाइमाचे प्रमाण मेंदूत सुमारे ६० टक्क्यांनी घटले. मात्र ते उंदीर निरोगी होते, हे विसरून चालणार नाही.

शिवाय टपाल्याला पत्रातील मजकुराशी कर्तव्य नसते. अल्झायमर रोगातील घातक प्रथिन एक्झोसोमांबरोबर पेशीबाहेर पडते, असे २००६ साली आढळले. हातापायांचे स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या मोटर न्यूरॉन रोगातील रोग्यांचा मस्तिष्क-मेरुद्रव नवजात उंदरांच्या मेरुरज्जूभोवती सोडल्यास तेथील पेशींत विकार उमटतात, हे निम्हान्समधील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केले. त्या द्रवातील अपायकारक घटक कोणता, याचा शोध पुढे दीर्घकाळ चालला. एक्झोसोम अशा द्रवातही असतात. तेव्हा औषध म्हणून ते वापरावयाचे तर कोणत्या पेशींचे, किती शुद्ध, किती मात्रेत, हे आधी ठरावयास हवे. पत्त्याविना शिरेत सोडलेले बहुतेक एक्झोसोम तर यकृत व प्लीहेतच अडकतात.

बाजाराला मात्र एवढा धीर नाही. एक्झोसोमच्या उपचारानंतर काही रोग्यांना गंभीर अपाय झाल्याने डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जनतेस सावध केले. असे एकही उत्पादन मंजूर नाही, हेही त्याने स्पष्ट केले. अंथरुणास खिळलेल्या माणसासाठी घरचे लोक दागिने मोडावयासही तयार होतात. अशा वेळी इंजेक्शनाची किंमत विचारण्यापूर्वी चाचणीचा नोंदणीक्रमांक विचारावा. भारतातील वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही २००७ सालापासून ठेवली जात असून ती कोणासही विनामूल्य पाहता येते.