जुन्या स्किड स्टिअर लोडरची सहायक हायड्रॉलिक्स : दोष शोधण्याची क्रमबद्ध पद्धत

तंजावर म्हटले की मराठी वाचकाच्या मनात सरस्वती महाल ग्रंथालय आणि सरफोजी राजांची आठवण प्रथम येते. कृषिविज्ञानाच्या दृष्टीने मात्र तंजावर म्हणजे कावेरीचा त्रिभुज प्रदेश, कुरुवै, सांबा आणि ताळडी हे भाताचे तीन हंगाम आणि १९२२ पासून भातावर संशोधन करणारे आडुतुरैचे केंद्र. सांबा भाताची कापणी प्रामुख्याने जानेवारी-फेब्रुवारीत होते. चिखलात रुतू नयेत म्हणून साखळीपट्ट्यांवर चालणारी कापणी-मळणी यंत्रे शेतात उतरतात आणि त्यांच्या मागे पेंढा पसरलेला राहतो. हा पेंढा वाळला की त्याच्या गाठी बांधून तो वेळेत उचलावा लागतो. जानेवारी २०२१ आणि फेब्रुवारी २०२३ मधील अवकाळी पावसाने या प्रदेशातील कापणीयोग्य पिकाचे मोठे नुकसान केले. त्या अनुभवानंतर उघड्या शेतात एक दिवस वाया जाणे म्हणजे काय, हे येथील शेतकऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पट्टुकोट्टै आणि पेरावुरणी परिसरात, नारळाच्या बागा आहेत. नोव्हेंबर २०१८ मधील ‘गज’ चक्रीवादळाने तेथील असंख्य झाडे उन्मळून पडली. पडलेली खोडे हलविणे, बुंधे काढणे, नव्या रोपांसाठी खड्डे घेणे ही सारी कामे मनुष्यबळाने करावयाची तर फार वेळ लागतो.

गाठी उचलणारा पंजा, खड्डे घेणारा ऑगर, आवार झाडणारा फिरता ब्रश अशी निरनिराळी अवजारे एकाच लहान यंत्राला जोडता यावीत, ही सोय स्किड स्टिअर लोडर देतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सिरिल व लुई केलर या लोहारकाम करणाऱ्या बंधूंनी १९५७ मध्ये टर्की पक्ष्यांच्या शेडमधील खत काढण्यासाठी तीन चाकांचा छोटा लोडर बनविला. त्यातूनच १९६० मध्ये चार चाकांचे यंत्र साकारले. अरुंद जागेत जागच्या जागी वळण्याचा त्याचा गुण आजही कायम आहे. असे यंत्र नवे घेणे महाग असल्याने लहान कंत्राटदार किंवा शेतकरी गट अनेकदा वापरलेले यंत्र घेतात. अशा यंत्राची बहुतेक दुखणी प्रथम सहायक हायड्रॉलिक्समध्ये दिसू लागतात. लोडर चालतो, बूम उचलली जाते, पण पंजा मिटत नाही किंवा ऑगर मातीत शिरताच थांबतो.

प्रणालीची रचना

इंजिनाच्या शक्तीवर चालणारा गिअर पंप टाकीतून तेल ओढून मुख्य नियंत्रण व्हॉल्व्हकडे पाठवितो. या व्हॉल्व्हमध्ये साधारणतः तीन स्पूल असतात : एक बूमसाठी, दुसरा बकेट कलती करण्यासाठी आणि तिसरा सहायक मार्गासाठी. तिसऱ्या स्पूलमधून निघालेले तेल बूमवरील नळ्यांतून पुढील क्विक कपलरपर्यंत आणि तेथून अवजाराच्या मोटरमध्ये वा सिलिंडरमध्ये जाते. दाब मर्यादेबाहेर गेल्यास रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल टाकीकडे वळवितो. अगदी जुन्या यंत्रांत सहायक स्पूल पेडलने किंवा लिव्हरने हलतो. त्यानंतरच्या यंत्रांत हँडलवरील बटण, विजेची वायर आणि सोलेनॉइड हे काम करतात.

येथे एक मूलभूत भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. दाबातून बळ मिळते आणि प्रवाहातून वेग मिळतो. ऑगर सावकाश फिरत असेल तर प्रवाह कमी आहे. तो वेगाने फिरतो पण कठीण मातीत अडकतो, तर दाब कमी आहे. हा भेद न जाणता रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळणे ही सर्वाधिक आढळणारी चूक होय. त्यामुळे मंद अवजार वेगवान होत नाही. उलट पंप, होज आणि सील यांवर अकारण ताण येतो.

दुसरी बाब खर्चाची आहे. अनेक मॉडेलांत चाके फिरविणारे हायड्रोस्टॅटिक पंप आणि सहायक पंप एकाच टाकीतील तेल वापरतात. चिखलाने माखलेला कपलर न पुसता जोडला, तर ती माती तेलात मिसळते आणि चालनाच्या महागड्या पंपांपर्यंत जाण्याची शक्यता निर्माण होते. सहायक मार्गाकडे केलेले दुर्लक्ष अशा रीतीने संपूर्ण यंत्र निकामी करू शकते.

प्रथम सुरक्षितता

बूम वर असताना तिच्याखाली काम करावयाचे असल्यास तिचा यांत्रिक आधार लावलाच पाहिजे. केवळ हायड्रॉलिक दाबावर तोललेल्या बूमखाली जाऊ नये. होजला सूक्ष्म छिद्र असल्याचा संशय आल्यास ते हाताने चाचपू नये. त्या छिद्रातून निघणारी तेलाची बारीक धार त्वचा भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते व आरंभी फारशी दुखतही नाही, परंतु आतील ऊती वेगाने नष्ट होतात आणि विलंब झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. अशा वेळी मलमपट्टीवर न थांबता तत्काळ शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात जावे आणि ‘दाबाखालील तेल शरीरात गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे. गळती शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

लक्षणांवरून दिशा ठरविणे

हत्यारे हाती घेण्यापूर्वी पाच मिनिटे निरीक्षणाला द्यावीत. पुढील चार प्रश्नांच्या उत्तरांतून शोधाचे क्षेत्र बरेच आटोपशीर होते.

१. बूम आणि बकेटही मंद आहेत काय? तसे असल्यास दोष सामाईक भागात आहे : तेलाची पातळी, शोषण नळी, फिल्टर, पंप किंवा मुख्य रिलीफ व्हॉल्व्ह.

२. बूम व बकेट ठीक असून केवळ सहायक मार्ग बंद आहे काय? मग सहायक स्पूल, त्याची केबल अथवा सोलेनॉइड, कपलर किंवा प्रत्यक्ष अवजार तपासावे.

३. सकाळी काम चांगले चालते आणि तेल तापल्यावर जोर कमी होतो काय? पंपाची किंवा अवजाराच्या मोटरची अंतर्गत झीज संभवते. तापलेले पातळ तेल झिजलेल्या फटींतून मागे सरकते.

४. अवजार एकाच दिशेने चालते काय? त्या दिशेचे सोलेनॉइड, एका बाजूचा कपलर किंवा आतून सुटलेली होज कारणीभूत असू शकते. जुन्या होजचे आतील अस्तर सुटून पडद्यासारखे लोंबते. तेल एका दिशेने जाते, उलट दिशेने अडते. बाहेरून अशी होज संपूर्ण निर्दोष दिसते.

तेल आणि शोषण मार्ग

यंत्र सपाट जागी उभे करून, बूम खाली टेकवून तेलाची पातळी पाहावी. तेल दुधाळ असल्यास त्यात पाणी शिरले आहे. ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, उघड्यावर उभ्या राहिलेल्या यंत्रांबाबत ही शक्यता अधिक. फेस दिसत असल्यास शोषण नळीतून हवा ओढली जात आहे. या नळीचे रबर कालांतराने कडक होते आणि क्लॅम्प ढिले पडतात. तेल बाहेर गळत नाही, केवळ हवा आत जाते, म्हणून हा दोष सहजी नजरेस येत नाही. पंपाचा किणकिणता आवाज ही त्याची खूण होय. काळपट, करपट वासाचे तेल अतिउष्णतेचे निदर्शक आहे. तेलाची प्रत निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणेच असावी, कारण काही जुन्या मॉडेलांना इंजिन ऑइल चालते, तर काहींना हायड्रॉलिक ऑइलच लागते. अंदाजाने दोन्ही मिसळू नयेत.

कपलर आणि अवजार

दोष लोडरमध्ये आहे की अवजारात, हे ठरविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे दुसरे चालू स्थितीतील अवजार जोडून पाहणे. ते उपलब्ध नसल्यास अवजार सोडवून, कपलर मोकळे ठेवून सहायक नियंत्रण केवळ दोन-तीन सेकंद दाबावे. इंजिनावर भार येऊन त्याचा आवाज बदलला आणि रिलीफ व्हॉल्व्ह सीत्कारला, तर पंप व स्पूल काम करीत आहेत. मग दोष कपलरमध्ये किंवा अवजारात शोधावा. इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडला नाही, तर स्पूल हललाच नाही असे समजावे.

ही चाचणी लांबवू नये. मिनिटाला ६० लिटर तेल १७० बार दाबाने रिलीफ व्हॉल्व्हमधून सांडत असेल, तर सुमारे १७ किलोवॅट शक्तीचे उष्णतेत रूपांतर होते. प्रणालीत ४० लिटर तेल असल्यास केवळ एका मिनिटात त्याचे तापमान सुमारे १५ अंश सेल्सिअसने वाढू शकते. एप्रिल-मे महिन्यांतील तंजावरच्या उन्हात ही वाढ सीलना सोसवत नाही.

कपलर बसत नसेल तर त्यावर हातोडी चालवू नये. उन्हात ठेवलेल्या अवजारातील तेल प्रसरण पावून दाब कोंडला जातो. लोडरकडील दाब सोडण्यासाठी इंजिन बंद करून, पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने सहायक नियंत्रण दोन्ही बाजूंना हलवावे. अर्धवट बसलेला कपलर आतील झडप पूर्ण उघडत नाही. त्यामुळे प्रवाह घुसमटतो आणि कपलर हात लावता येणार नाही इतका तापतो. ऑगरसारख्या मोटरच्या काही अवजारांना तिसरी, केस ड्रेनची बारीक नळी असते. ती जोडण्याचे राहिल्यास मोटरच्या आवरणात दाब साचून शाफ्टचे सील फुटते.

वीजमार्ग

बटणावर चालणाऱ्या यंत्रात स्पूल हलत नसल्यास प्रथम फ्यूज, नंतर सीट बारचा स्विच आणि त्यानंतर सोलेनॉइडची जोडणी तपासावी. सुरक्षिततेसाठी सीट बार खाली असल्याशिवाय नियंत्रणे सुरू होत नाहीत. धूळ-पेंढ्याने हा स्विच अडकला तर निरोगी यंत्रही मुके राहते. तो तारेने कायमचा जोडून टाकणे हा उपाय नव्हे, कारण चालक आसनावरून उठल्यावर बूम खाली येऊ नये, यासाठीच तो बसविलेला असतो. बटण दाबलेले असताना सोलेनॉइडच्या टोकाशी स्क्रू ड्रायव्हर नेल्यास चुंबकीय ओढ जाणवली पाहिजे. ओढ नसल्यास मल्टिमीटरने व्होल्टेज पाहावे. व्होल्टेज येत असूनही ओढ नसेल तर कॉइल गेली आहे. दोन्ही दिशांच्या कॉइलचा रोध मोजून तुलना केली म्हणजे शंका फिटते. धान्य-पेंढ्याच्या आवारात उंदरांनी कुरतडलेल्या वायर आणि दमट हवेत गंजलेली अर्थिंगची जोडणी यांकडे विशेष लक्ष द्यावे.

दाब व प्रवाह मोजणे

येथवर दोष सापडला नाही, तरच पंपाचा विचार करावा. प्रेशर गेज लावून मिळालेला दाब पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. गेज न लावता रिलीफ व्हॉल्व्हच्या स्क्रूला हात लावू नये. दाब पुरेसा असूनही वेग कमी असल्यास फ्लो मीटरने दोनदा मोजणी करावी : प्रथम भाराविना, नंतर कामाच्या दाबावर, आणि दोन्ही वेळी तेल तापलेले व इंजिनाची गती समान ठेवून. समजा, भाराविना मिनिटाला ६० लिटर आणि १४० बार दाबावर ४० लिटर प्रवाह मिळाला, तर एकतृतीयांश तेल आतल्या आत मागे फिरत आहे. हे तेल नेमके कोठून फिरते, पंपातून की व्हॉल्व्हमधून, हे पंपाच्या निर्गमाशी हीच मोजणी पुन्हा करून कळते. पंपाजवळ प्रवाह टिकून असेल तर पंप बदलण्याचा खर्च व्यर्थ ठरेल.

नोंदवहीचे महत्त्व

या क्रमात स्वस्त व सोपी तपासणी आधी आणि खर्चिक तपासणी शेवटी येते. कपलर पुसण्याला फडके पुरते, फ्यूजला काही रुपये लागतात, पंपाला मात्र हंगामातील कमाईचा मोठा वाटा द्यावा लागतो. यंत्र निरोगी असतानाच दाब, प्रवाह आणि तेलाचे तापमान यांची नोंद करून ठेवल्यास पुढे तुलनेसाठी खात्रीचा आधार मिळतो. जुन्या यंत्राची पुस्तिका हरवलेली असते, तेव्हा ही नोंदच त्याची पुस्तिका ठरते.

तमिळनाडूचा कृषी अभियांत्रिकी विभाग शेतकऱ्यांना यंत्रे भाड्याने पुरवितो. २०१४-१५ पासून राबविल्या जाणाऱ्या केंद्र शासनाच्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानातूनही अवजार भाडे केंद्रांना साहाय्य मिळते. महाराष्ट्रातही अशी केंद्रे आहेत. अशा प्रत्येक केंद्रात एक प्रेशर गेज, एक मल्टिमीटर, कपलरची झाकणे आणि एक नोंदवही असावी. ही साधने हाताशी असली, तर वाळलेल्या पेंढ्यावर ढग जमलेले असताना लोडर बंद पडण्याचा प्रसंग पुष्कळदा टळेल.