घरी बांधलेल्या निवासी ट्रेलरवरील मागील सूचक दिव्यांचे स्थान

मोटारीच्या मागे जोडून न्यावयाचे लहान निवासी ट्रेलर अमेरिकेत अनेक हौशी लोक घरीच बांधतात. त्यांपैकी अश्रुबिंदूच्या आकाराचा ट्रेलर विशेष परिचित आहे. प्लायवुडचा तक्ता सामान्यतः ४ फूट रुंद व ८ फूट लांब मिळतो. त्यामुळे ट्रेलरची पेटीही पुष्कळदा तेवढीच ठेवली जाते. चाके मात्र पेटीच्या बाहेर राहतात आणि मडगार्ड धरून एकूण रुंदी ६ फुटांच्या आसपास जाते. दिवे कोठे बसवावेत हा प्रश्न या दोन रुंदींमधील फरकातून उत्पन्न होतो.

अंधारात मागून येणाऱ्या चालकास ट्रेलर दिसत नाही. दिसतात ते दोन तांबडे बिंदू. त्या बिंदूंमधील कोनावरून तो अंतर व रुंदी यांचा अंदाज बांधतो. दिव्यांत १·२ मीटर अंतर असेल तर १०० मीटरवरून तो कोन सुमारे ४१ कलांचा होतो. १·८ मीटर अंतरावरचे दिवे १५० मीटरवरून नेमका तेवढाच कोन करतात. म्हणजे दिवे जवळजवळ बसविले की ट्रेलर आहे त्याहून दूर भासण्याचा संभव आहे. शिवाय दोन्ही बाजूंस एकेक फूट बाहेर आलेले मडगार्ड अंधारातच राहते. ओलांडून जाणाऱ्या वाहनास हा दुसरा धोका पहिल्याहून अधिक.

अमेरिकेचे संघीय वाहनसुरक्षा मानक क्रमांक १०८ हे १९६८ मध्ये रुंद वाहनांना व १९६९ मध्ये इतरांना लागू झाले. त्यानुसार मागील दिवे जमिनीपासून १५ ते ७२ इंच उंचीवर आणि व्यवहार्य असेल तितके एकमेकांपासून दूर असावयास हवेत. ८० इंच वा अधिक रुंदीच्या ट्रेलरला याखेरीज वरच्या कडेस दोन रुंदीदर्शक दिवे व मध्यभागी तीन ओळखदिवे लागतात. ६ फुटी ट्रेलरला ते लागत नाहीत. हौसेने बसविलेली तीन दिव्यांची ओळ मागच्या चालकास मोठ्या वाहनाची चुकीची कल्पना देते. मानक मुख्यतः उत्पादकांसाठी आहे. घरी बांधलेल्या ट्रेलरची नोंदणी राज्यांकडे असते व त्यांचे नियम सारखे नाहीत.

तर मग दिवे मडगार्डवरच का बसवू नयेत? अडचण अशी की पेटी मडगार्डच्या मागे बरीच गेलेली असते. दिवा पेटीच्या भिंतीपासून ९ इंच बाहेर व तिच्या मागील कडेच्या ३६ इंच पुढे असेल, तर आतल्या बाजूने तो केवळ १४ अंशांपर्यंत दिसतो. मानकाची अपेक्षा ४५ अंशांची आहे. त्यापलीकडे एकच दिवा उरतो, आणि एक तांबडा दिवा म्हणजे मोटारसायकल असाच समज होतो. ‘व्यवहार्य’ या शब्दाचे खरे मर्म येथे आहे. मुख्य दिवे पेटीच्या मागील कोपऱ्यांवर आणि रुंदी दाखविणारे लहान तांबडे दिवे मडगार्डच्या मागील टोकांवर, ही विभागणी सर्वांत समाधानकारक ठरते. चौकटीस मडगार्डइतकी रुंद आडवी पट्टी पेटीच्या मागे जोडणे हाही एक उपाय आहे. परंतु स्वयंपाकाच्या वेळी ती पायात येते.

पेटीची मागील बाजू वक्र असून तीच झडपेसारखी वर उचलली जाते. त्या झडपेवर दिवे बसविणे सर्वस्वी अयोग्य. झडप उघडताच दिवे आकाशाकडे वळतात. बंद असतानाही पृष्ठभाग २०-३० अंश कललेला असला तर प्रकाशाचा अक्ष वरच जातो. दिव्याची तीव्रता अक्षाच्या वरखाली १० अंशांच्या मर्यादेतच तपासलेली असते. म्हणून दिव्याचे मुख उभे राहील अशी लाकडी पाचर खाली घालावी लागते. परावर्तकासही हेच लागू.

तारांविषयी एवढेच, की पेटी लाकडी असल्याने प्रत्येक दिव्यास परतीची पांढरी तार स्वतंत्रपणे चौकटीपर्यंत न्यावी लागते. जोडगोळ्याच्या ग्रीसभरल्या सांध्यावर विसंबल्यास प्रवाह दुसऱ्या दिव्याच्या तंतूतून वाट काढतो, आणि वळण्याचा इशारा देताच मागील सर्वच दिवे मंदपणे लुकलुकू लागतात.