मासा, माशी आणि नाव



‘मासा’ आणि ‘माशी’ हे दोन शब्द शेजारी ठेवले, तर मराठी न जाणणाऱ्यास ते ‘घोडा-घोडी’प्रमाणे एकाच जातीचे नर-मादी वाटावेत. वस्तुतः दोघांचे कूळ निराळे. ‘मासा’ आला संस्कृत ‘मत्स्य’वरून, ‘माशी’ आली ‘मक्षिका’वरून. व्युत्पत्तीने असंबद्ध असलेल्या या दोघांचे नाते निसर्गात मात्र अगदी निकटचे आहे. एक भक्षक, दुसरी भक्ष्य. ट्राउट नावाचा थंड पाण्यातला मासा ज्या जलकीटकांवर जगतो, ते ओळखावेत कसे, हा आजच्या विवेचनाचा विषय.

जन्मभर मराठी शिकविलेल्या मनुष्याने हा विषय का निवडावा? मुलीच्या घरी हॅम्पशायर परगण्यात मी दोन उन्हाळे काढले. तेथील इचेन नदी खडूच्या खडकातून झिरपलेल्या पाण्याची, म्हणून नितळ. तिच्या काठचे गळवाले गळ टाकण्यापूर्वी कितीतरी वेळ पाण्याकडे नुसते पाहत राहत आणि कीटकांची नावे घेत. मी गळ कधी हाती धरलेला नाही. परंतु नावांचा हा व्यवहार मला माझ्याच विषयाचा वाटला.

प्रथम त्यांची ‘माशी’ म्हणजे काय ते पाहू. पिसे, केस व रेशमी धागा गळाच्या आकड्यावर गुंडाळून केलेली ही कीटकाची प्रतिकृती. ती इतकी हलकी असते की फेकता येत नाही. म्हणून वजन दोरीला दिलेले असते आणि दोरीबरोबर माशी जाते. ही कला जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील कोळी गळाला तांबडी लोकर व पिसे बांधून मासे धरतात, असे नोंदविले आहे. अडचण एवढीच की, ट्राउट एका वेळी पुष्कळदा एकाच प्रकारच्या कीटकावर तुटून पडतो आणि दुसऱ्या कशालाही तोंड लावीत नाही. म्हणून नदीवर त्या घटकेला कोणता कीटक आहे, हे ओळखणे आले.

मुख्य गण चार. त्यांची शास्त्रीय नावे ग्रीक असून चारही नावांच्या अंती ‘प्टेरा’, म्हणजे पंख, हा शब्द आहे. पहिला इफेमेरोप्टेरा, इंग्रजीत मेफ्लाय. ‘इफेमेरॉस’ म्हणजे एका दिवसाचा. बसताना तो आपले पंख होडीच्या शिडाप्रमाणे उभे धरतो. दुसरा ट्रायकोप्टेरा, म्हणजे केसाळ पंखांचा, हा कॅडिस. त्याचे पंख कौलारू छपरासारखे दोन्ही बाजूंना उतरते असतात. तिसरा प्लेकोप्टेरा, म्हणजे घडीच्या पंखांचा, हा स्टोनफ्लाय. तो पंख पाठीवर सपाट मिटतो. चौथा डिप्टेरा, म्हणजे द्विपंखी. इतरांना पंखांच्या दोन जोड्या, याला एकच. नदीवरची चिलटे यातलीच. शीड, छप्पर, घडी आणि एकच जोडी, एवढे ध्यानी ठेवले तर काठावर बसल्या बसल्या गण सांगता येतो.

परंतु ट्राउटचे बहुतेक खाणे पाण्याखाली होते. तेथे पंख नाहीत. तेव्हा दगड उलटावा आणि खाली चिकटलेला जीव पांढऱ्या बशीत पाण्यासह घेऊन भिंगातून पाहावा. मेफ्लायच्या पिलाला, ज्याला निंफ म्हणतात, बहुधा तीन शेपट्या असतात. स्टोनफ्लायच्या निंफला दोनच. पण काही मेफ्लायनाही दोनच शेपट्या असतात, म्हणून एका खुणेवर विसंबू नये. मेफ्लायच्या निंफचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना असतात व प्रत्येक पायाला एकच नखी असते. स्टोनफ्लायच्या पायाला दोन नख्या. कॅडिसची अळी तर कारागीरच. पुष्कळ जाती तोंडातल्या रेशमाने वाळूचे कण, खडे वा काड्या जोडून आपल्याभोवती नळीसारखे घर बांधतात. चिलटांच्या काही अळ्या रक्तासारख्या लाल असतात, कारण त्यांच्यात खरोखरच हिमोग्लोबिन असते.

गण ओळखला तरी काम संपत नाही. अवस्थाही ओळखावी लागते. हॅम्पशायरच्या नद्यांवरील मोठा मेफ्लाय, एफिमेरा डॅनिका, सुमारे दोन वर्षे तळच्या गाळात बीळ करून राहतो. मे महिन्याच्या मध्यापासून तो वर येतो, कात टाकतो आणि पंख वाळेपर्यंत पाण्यावर शीड उभारून वाहत जातो. तेव्हा गळवाले त्याला ‘ग्रीन ड्रेक’ म्हणतात. काठावरच्या झाडीत जाऊन तो पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यानंतर कात टाकणारा हा एकमेव कीटकगण आहे. नंतर मीलन, अंडी आणि मृत्यू. अन्न घेण्याजोगे तोंडच त्याला उरलेले नसते. पंख पसरून पाण्यावर पडलेल्या त्या मरणोन्मुख जीवाला ‘स्पेंट नॅट’ म्हणतात. शास्त्रज्ञाला एक जाती दिसते, गळवाल्याला दोन निरनिराळ्या माशा. कारण पहिली उभी तरंगते, दुसरी सपाट. कोणाचेही नाव चूक नाही. शास्त्रीय नाव कूळ सांगते, लौकिक नाव प्रसंग सांगते. भाषेच्या अभ्यासकास हा भेद परिचयाचा आहे: आपणही एकाच धान्याला शेतात भात, सडल्यावर तांदूळ आणि शिजल्यावर पुन्हा भात म्हणतो.

ही दोन नामावळींची सांगड घालणारा ग्रंथ आल्फ्रेड रोनाल्ड्स या इंग्रजाने १८३६ साली प्रसिद्ध केला. स्टॅफर्डशायरमधील ब्लाइथ नदीकाठी झोपडी बांधून तो ट्राउट न्याहाळीत बसे. एकदा त्याने मेलेल्या घरमाशा नळीतून फुंकून पाण्यावर टाकल्या. काहींना तिखट व मोहरी फासली होती. माशांनी त्याही गिळल्या. म्हणजे ट्राउट निवड करतो ती प्रामुख्याने डोळ्यांनी, हे उघड झाले. त्याने खरा कीटक आणि त्याची प्रतिकृती यांची रंगीत चित्रे शेजारी शेजारी छापली व शास्त्रीय नावे दिली. पुढे जी. ई. एम. स्क्यूज यांनी धरलेल्या ट्राउटच्या पोटातील कीटक तपासून तो प्रत्यक्षात काय खातो ते पाहिले. १९१० सालच्या त्यांच्या पुस्तकाने पाण्याखालच्या निंफकडे गळवाल्यांचे लक्ष वळविले.

कोणी म्हणेल, हा सारा रिकामपणाचा छंद. त्यास उत्तर केनेट नदीने दिले आहे. जुलै २०१३ मध्ये इंग्लंडातील मार्लबरो गावाजवळ क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक सांडपाण्याच्या वाटेने या नदीत उतरले आणि सुमारे १५ किलोमीटरच्या पट्ट्यातील कीटक जवळजवळ नाहीसे झाले. हे ध्यानात आले ते पाहणी करणाऱ्या स्वयंसेवकांच्या. त्या देशात गळवाले व इतर नागरिक ठरलेल्या जागी तीन मिनिटे पायाने तळ ढवळून जाळीत येणारे जीव मोजतात. आठच गट ओळखायचे: सात कीटकांचे आणि एक कोळंबीच्या जातकुळीतल्या गॅमरसचा. महिन्यामागून महिना हा हिशेब ठेवलेला असल्यामुळे, जे दिसायला हवे होते ते दिसत नाही, हे त्यांना कळले. असलेली वस्तू कोणालाही दिसते; नसलेली वस्तू दिसण्यासाठी तिचे नाव आधी ठाऊक असावे लागते. मला सांगावयाचे आहे ते एवढेच.

आपल्याकडे ट्राउट मूळचा नाही. काश्मीरच्या नद्यांत तो १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून आला. सह्याद्रीच्या उबदार पाण्यात तो नाही. पण मेफ्लाय आणि कॅडिस सह्याद्रीच्या ओढ्यांतही आहेत. चतुर आणि टाचणी यांना आपण मराठी नावे दिली. ते उन्हात डोळ्यांसमोर उडतात म्हणून. दगडाखाली राहणाऱ्यांसाठी आपण इंग्रजी शब्दांवर भागवतो, कारण दगड उलटून पाहण्याची आपल्याला सवय नाही. कोशात बसून नावे घडवू नयेत. नाव हे निरीक्षणाच्या मागून येते.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या शाळेस माझी एक सूचना आहे. आपल्या बेळगावजवळून मार्कंडेय नदी वाहते. एक पांढरी बशी, एक भिंग आणि एक वही, एवढ्या साहित्यावर नववीच्या वर्गाने दर महिन्यास तिच्या एकाच जागेची पाहणी करावी आणि जे दिसेल ते चित्रासह तारखेनिशी लिहून ठेवावे. दहा वर्षांनी ती वही या नदीची साक्षीदार होईल. आणि त्या मुलांनी आपसांत वापरलेल्या शब्दांपैकी एखादा शब्द मराठीत कायमचा राहील.